मुक्ताच्या आवाजातली म्हैस

जळगाव
११ ऑगस्ट २०२५

चि. ज्योती,
अ. उ. आ. मोठ्या भावाने द्यायचे असतात म्हणून दिले. सध्या माझ्याकडच्या मालाची खात्री देत नाही.

पत्र पाहून दचकशील. घरात दोन-दोन मोबाइल असताना हा माणूस पोस्टाच्या मागे का लागला, म्हणशील. पण अलीकडे आपण फोनवर काय बोलतो ते आठव. तू विचारतेस, जेवलास का. मी म्हणतो, हो. मग तुझ्याकडून पंख्याचा आवाज येतो, माझ्याकडून रिक्षांचा, आणि आपण दोघं एकमेकांचे पंखे-रिक्षा ऐकत बसतो. माझी मुक्ता माघात गेली. तेव्हापासून तिचं नाव तूही घेत नाहीस, मीही नाही. कागदावर निदान मध्येच गप्प बसता येत नाही, म्हणून हा उद्योग.

इकडे बरं आहे. पाऊस असेपर्यंत दुकानात ठिबक सिंचनाला गिऱ्हाईक कमी, पाइप-फिटिंगवर भागतं. परवा एक पोरगा नव्या कंपनीचा पाइप घेऊन आला. मी तो फरशीवर आपटून ऐकला आणि परत दिला. म्हटलं, बाबा, यात जुना माल वितळवून घातलाय. तो म्हणाला, काका, कान आहेत की मशीन. तर कान शाबूत आहेत. बाकीचं सांगता येत नाही. रविवारी तुझ्या वहिनीने शेवभाजी केली. सगळे पाणी पाणी करत होते, मी वाटी संपवली आणि तिखट होती हे मला त्यांच्या तोंडांवरून कळलं.

आता कामाचं. मुक्ताची हर्षिता आमच्याकडेच आहे, दुसरीत गेली. स्वप्नीलराव पुण्याहून सुटी मिळेल तसे लेकीला भेटून जातात. मागच्या आठवड्यात शाळेत बाईंनी पोरांना कधी न पाहिलेला उतारा वाचायला दिला. हर्षू कागद धरून बसून राहिली. रडली नाही, बोलली नाही. बाईंनी तुझ्या वहिनीला बोलावून सांगितलं, हिला वाचता येत नाही. मला राग यायला हवा होता. रागही आला नाही, नुसतं नवल वाटलं. कारण ही पोरगी रोज संध्याकाळी ते हट्टी म्हशीचं पुस्तक मांडीवर घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत धडाधड वाचते. मी शेजारी बसून ऐकतो.

तू जन्मभर पोरांना वाचायला शिकवलंस, निवृत्त झाल्यावरही पिंपळनेरकडच्या शाळांत मास्तरांना शिकवत फिरतेस. तर सांग, बाई खोट्या की माझे कान?

लोभ आहे तितका राहू दे, वाढवायची घाई नाही.
तुझा
कौतिकभाऊ


धुळे
१९ ऑगस्ट २०२५

ति. भाऊस,
ज्योतीचा सा. न. वि. वि. विनंती नुसती नावाला आहे, खाली हुकूमच आहेत.

पत्र आलं तेव्हा पोस्टमनने दोनदा विचारलं, बाई, तुमचंच ना? तुझं अक्षर अजून पावती फाडल्यासारखंच आहे. मी ते तीन वेळा वाचलं आणि फोन करायचा मोह आवरला.

बाई खोट्या नसाव्यात. तुझे कानही खोटे नसतील. दोन्ही खरं असू शकतं, आणि ते तपासायची पद्धत आहे. म्हशीचं पुस्तक घे. चित्रावर हात ठेव. मधलंच पान उघड आणि एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचार, हा कोणता. मग कोऱ्या कागदावर कुठल्याच भाषेत नसलेले शब्द लिही: लामू, किटा, नोबी. ते वाचले तर पोरगी वाचते. तुझ्या तोंडाकडे बघत बसली तर तिला पाठ आहे.

पिंपळनेरच्या पुढे एका वाडीत वना नावाचा मुलगा आहे. पुस्तकात गाईचं चित्र, खाली ‘ही गाय आहे’. वना बोट फिरवून वाचतो, ही गाय शे. मास्तर दर वेळी त्याला दटावत. मी म्हटलं, अहो, त्याच्या घरात ‘आहे’ला ‘शे’च म्हणतात, त्यात दटावण्यासारखं काय आहे. मास्तर जरा ओशाळले. मग मी चित्र झाकलं आणि नुसता ‘आहे’ फळ्यावर लिहिला. वनाने आधी फळा पाहिला, मग माझं तोंड. त्याला एकही अक्षर येत नव्हतं. मास्तर जी चूक नव्हती तिला चूक म्हणत होते, आणि जी होती ती वर्षभर त्यांच्यासमोर बसून होती.

चित्रावरून ओळखणं, पाठ म्हणणं, पहिल्या अक्षरावरून अंदाज मारणं, हे वाचनासारखं दिसतं म्हणूनच घात होतो. हुशार पोरं यात जास्त सापडतात. हर्षू हुशार आहे.

तपास आणि कळव. वहिनीला सांग, जप.
आपुलकी धरून असावी, रागावलास तरी.
तुझी
ज्योती


जळगाव
३ सप्टेंबर २०२५

चि. ज्योती,
आशीर्वाद.

यंदा गणपती बसवला नाही. गल्लीतल्या पोरांनी वर्गणी मागितली, दिली. आरतीला बोलावलं, गेलो, टाळ वाजवला, घरी आलो. दुकानात नवीन माल उतरला. जामनेरचा शालिग्राम येऊन बसला, बराच वेळ कपाशीवर बोलला, मीही बोललो. तो गेल्यावर काय बोललो ते आठवेना.

तू सांगितलेलं तपासलं नाही. गरज नव्हती. मला माहीत होतं.

आता ऐक. मुक्ता ते पुस्तक हर्षूला रोज वाचून दाखवायची. आमच्याकडे माहेरपणाला आली तरी पुस्तक पिशवीत असायचं. हर्षू आता जे म्हणते ते मुक्ताचं वाचणं आहे, जसंच्या तसं. म्हैस म्हणताना मुक्ता ‘म्है’ लांबवायची, हर्षू लांबवते. मालक ओरडतो तिथे मुक्ता घसा खाकरायची, हर्षू खाकरते. पुस्तकात छापलंय तळं. मुक्ता बाहेर सगळीकडे तळं म्हणायची, पण लेकीजवळ बसली की आपल्या जामनेरकडचं तयं म्हणायची, गंमत म्हणून. हर्षू म्हणते, म्हैस तयात बसली ती बसलीच. मालक येतो, मालकीण येते, अख्खं गाव दोर लावून ओढतं. शेवटी, मग काय, झाली संध्याकाळ, कंटाळली म्हैस, आली घरी. आणि ‘घरी’ म्हणताना आवाज खाली येतो. मुक्ताचा यायचा तसा.

तू म्हणशील, फोनमध्ये मुक्ताचे व्हिडिओ असतील. आहेत. त्यात ती कॅमेऱ्याकडे बघून बोलते. हे तसलं नाही. हे ती कोणी ऐकत नाही असं समजून बोलायची तसं आहे. मी डोळे मिटून शेजारी बसतो. मला रडू येत नाही, बरंही वाटत नाही. पण दिवसभरात तेवढाच वेळ मी कुठेतरी असतो.

तुमच्या पद्धतीने ही पोरगी अक्षर अक्षर सुटं करून वाचायला लागली, की ती तळ्याला तळं म्हणेल. खाकरणार नाही. मग मुक्ता कुठे ऐकू? बाईंना काय सांगायचं ते मी बघून घेतो. हे मोडू नकोस.

लोभ ठेव, निदान एवढ्यासाठी.
कौतिकभाऊ


धुळे
९ सप्टेंबर २०२५

ति. भाऊस,
नमस्कार. या वेळी वि. वि. खरंच विनंती आहे.

तुझं पत्र वाचून मी ओट्याजवळ उभी राहिले आणि दूध उतू जाताना बघत राहिले. गॅस बंद करायचा असतो हे ठाऊक होतं, हात हलला नाही. म्हणजे तुझ्या एकट्याकडेच हे आलंय असं समजू नकोस. मुक्ताने पहिलं वाक्य माझ्याकडे वाचलं होतं.

तरी ऐक. हर्षू वाचत नाही, भाऊ. तिने आईला धरून ठेवलंय आणि तू तिला धरून ठेवलंयस. सात वर्षांच्या पोरीने किती दिवस हे ओझं वाहायचं? पुढच्या वर्षी तिसरी. गणित वाचायचं, परिसर वाचायचा, पाठ तरी किती करणार? बाईंच्या कागदापुढे ती गप्प बसली, तशी दर कागदापुढे बसेल. मी अशी पोरं पाहिली आहेत. आधी गप्प बसतात, मग मागच्या बाकावर जातात, मग शाळेतच येत नाहीत. तू पाइप आपटून खोटा माल परत करतोस. हा खोटा माल तू घरात जपून ठेवलायस, कारण त्याचा आवाज तुझ्या लेकीसारखा आहे.

लागलं असेल. लागू दे.

म्हशीच्या पुस्तकाला हात लावू नकोस. ते तिचं आहे, तिला म्हणू दे. शिकवायचं ते दुसऱ्या कागदावर. सगळी बाराखडी घोकवू नकोस. तिला कदाचित तीही पाठ असेल. आधी थोडी अक्षरं घे: म, क, ल आणि काना. खूण दाखव, आवाज सांग. लगेच जोडायला लाव: का, मा, काम, माल, कमल. ती अडली की शब्द सांगून टाकू नकोस, आवाज सुटे करून दे. ती अंदाज मारायला लागली की शब्दाकडे परत आण, चित्राकडे नाही. मग एकेक अक्षर, एकेक मात्रा वाढव. रोज थोडं, पण रोज. जगभर पोरांवर तपासून झालंय हे, माझ्या मनातलं नाही. आणि यातलं निम्मं काम कानाचं आहे. ‘कमल’मध्ये मधला आवाज कोणता, हे ऐकू यायला लागतं. ते तुझ्याइतकं चांगलं कोण शिकवणार?

शिवाय तिला वाचून दाखव. नवीन काहीतरी, तुझ्या आवाजात. मुक्ताची नक्कल करू नकोस.

माया कमी झाली म्हणून कडक लिहिलं असं समजू नकोस.
ज्योती


जळगाव
६ ऑक्टोबर २०२५

चि. ज्योती,
आशीर्वाद घे. तुझ्या मागच्या पत्राला उत्तर देत नाही, फक्त काय झालं ते सांगतो.

पत्र आल्यावर मी काही दिवस कागद खिशात घेऊन फिरलो. मग एका दुपारी हर्षूला दुकानात बसवलं आणि बिलबुकाच्या मागच्या बाजूला ‘माल’ लिहिलं. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग दुकानाकडे, आणि म्हणाली, पाइप. तुझा वना डोळ्यापुढे आला. म्हटलं, माझ्याकडे नको बघू, याच्याकडे बघ. मा. ल. दोन्ही जोडून म्हण. तिने इतक्या वेळा सुटं सुटं म्हटलं की गिऱ्हाईक उभं राहून ऐकायला लागलं. आणि मग एकदम म्हणाली, माल. म्हणाली आणि वळून बघायला लागली, जसं काही कोणी तिला मागून हाक मारली.

तेव्हापासून रोज बसतो. तुझी वहिनी म्हणते, आयुष्यभर पोरांना गल्ल्याला हात लावू दिला नाही आणि आता गल्ल्याची पाटी करून ठेवलीय. आवाज सुटे करण्यात पोरगी पटाईत निघाली. मी म्हणतो, ‘लाकूड’मधून ‘ला’ काढ. ती लगेच म्हणते, कूड. तुझे बिनअर्थाचे शब्द तिला फार आवडले. ती स्वतःच करते. पाइप वळवायच्या एल्बोला तिने नाव ठेवलंय किटा आणि तीन तोंडांच्या टीला नोबी. परवा कामावरच्या रुपचंदला म्हणाली, एक नोबी द्या. त्याने मुकाट्याने टी काढून दिली. म्हणजे दुकानात आता तेही चालू झालं.

उकार अजून उलटसुलट होतात. आणि एक अडचण आहे. तिने स्वतःहून लिहिलं, ‘मी जयगावला राहते.’ केळ्याला केयं लिहिते. कानाने बघितलं तर बरोबर आहे, आपल्याकडे बोलतात ते असंच. मी खोडू का? माझा पेन उचलला जात नाही.

म्हशीचं पुस्तक संध्याकाळी चालूच आहे. पण आता मध्येच तिचं बोट कागदाला लागतं आणि उचललं जातं, तव्याला लागल्यासारखं. मी तेवढ्यात दुसरीकडे बघतो. एक दिवस ते बोट उचललं जाणार नाही, हे मला दिसतंय. काय वाटतं विचारशील, तर काही वाटत नाही. दाढ बधिर केल्यावर डॉक्टर आत काय करतो ते नुसतं ऐकू येतं, तसं आहे.

तुझा लोभ या महिन्यात उपयोगी पडला.
कौतिकभाऊ


धुळे
१३ ऑक्टोबर २०२५

ति. भाऊस,
सा. न. आणि थोडी पाठीवर थाप, लहान असून.

‘जयगाव’ खोडू नकोस. तिने ऐकलं तेच लिहिलं, म्हणजे ती अक्षर आणि आवाज यांची सांगड घालायला लागली. जिची वाट बघत होतो ती हीच चूक. तिला सांग, आपण बोलतो जयगाव, पुस्तकं लिहितात जळगाव, दोन्ही आपलीच. ळ नावाचं अक्षर आहे, ते आपल्या घरात कमी येतं, एवढंच. पोरं समजून घेतात. मोठ्यांनाच लाज वाटते.

दिवाळीला फराळ पाठवत नाही. केला नाही. तुम्हीही केला नसेल. हर्षूसाठी फुलबाज्या घे मात्र.

बोट टेकलं तर टेकू दे, भाऊ. त्या दिवशी तू दुसरीकडे बघू नकोस.
माया आहेच, मोजत बसू नकोस.
ज्योती


जळगाव
२४ नोव्हेंबर २०२५

चि. ज्योती,
अ. उ. आ. या वेळचे बघून घे, बरे निघतील.

काल रविवार, दुकान बंद. हर्षू जिन्याच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसली. मी पेपर घेऊन वरच्या पायरीवर. तिने म्हैस म्हटली आणि बोट टेकवलं. उचललं नाही. तू लिहिलं होतंस म्हणून मीही मान वळवली नाही. म्है, स. हो, ती. त, ळ्या, त. सरळ छापल्यासारखं तळ्यात म्हणाली आणि पुढे गेली. घसा खाकरला नाही. आवाज तिचा स्वतःचा होता, थोडा नाकातला. ज्या शब्दाची मला धास्ती होती तो आला आणि गेला. मी आत काही होतंय का, वाट बघितली. काही झालं नाही. पेपर धरून बसून राहिलो.

मालक झाला, मालकीण झाली, गावाने दोर लावला. तिने पान उलटलं आणि थांबली. मागे गेली, पुढे आली. मग मला म्हणाली, आबा, हे पान कुठून आलं?

बघतो तर दोन पानं भरून बँड. ढोल, ताशे, पितळी भोंगे, लाल कोटातली माणसं, आणि बारीक अक्षरांत नुसता गोंगाट, ढम्म, ठण्ण, प्यँऽऽ. म्हैस त्या आवाजाने तळ्यातून उठते आणि बँडच्या पुढे नाचत घरी जाते. पुस्तकात कुठेही संध्याकाळ होत नाही. म्हैस कंटाळत नाही. मुक्ता रोज दोन पानं एकदम उलटायची, आणि मधली भेग स्वतःच्या एका ओळीने बुजवायची; हर्षूही तिचं बघून तशीच उलटत आली. दिवसभराची दमलेली असेल. एवढा गोंगाट रोज कोण वाचणार?

हर्षूने ती पानं सोडली नाहीत. जोडाक्षरांना अडत, मला विचारत, ढम्म आणि ठण्ण सगळं वाचून काढलं. मग पुस्तक मिटलं, उभी राहिली आणि मला म्हणाली, आबा, तुमची मुलगी लबाड होती. बँड होता, आणि तिने मला एकदाही दाखवला नाही.

तुझी वहिनी आतून धावत आली, तिच्या तोंडावर हात ठेवला, गेलेल्या माणसाला असं बोलू नये म्हणाली. हर्षूने हात काढून टाकला. होतीच लबाड, म्हणाली, आणि मग अशी रडायला लागली की शेजारच्या बेबाबाई विचारायला आल्या. माघापासून पहिल्यांदा. बँडसाठी रडत होती, मध्येच आईसाठी, परत बँडसाठी.

लोक येतात, मुक्ता किती गुणाची होती सांगतात, मी मान हलवतो. इतक्या महिन्यांत त्या गुणाच्या बाईला मी ओळखलंच नव्हतं. काल या पोरीने लबाड म्हटलं आणि मला मुक्ता लख्ख दिसली. मी म्हटलं, हो, होती लबाड. लहानपणी संध्याकाळी पाढे म्हणताना सातचा पाढा गाळून सरळ आठवर जायची. मला ऐकू यायचं, मी बोलायचो नाही. हर्षूचं रडणं थांबलं. अख्खा सातचा? तिने विचारलं. अख्खा, म्हटलं. तिने नाक पुसलं, माझ्या पायरीवर येऊन बसली आणि विचारलं, अजून काय काय गाळायची?

मला आठवलं तेवढं सांगितलं. दिव्यापुढे हात जोडून डोळे किलकिले उघडे ठेवायची ते, केळ्यांची फणी मोजून ठेवली की मधलं एक काढून बाकीची जवळ सरकवायची ते. सांगताना माझा आवाज दोनदा फाटला. तुझ्या वहिनीने पाणी आणून दिलं आणि स्वतःही एक लबाडी सांगितली, ती मलाही ठाऊक नव्हती. मग आमच्याकडचं संपलं. हर्षूला अजून हवंय.

मुक्ता सुट्यांत तुझ्याकडे धुळ्याला यायची. तेव्हाच्या तिच्या लबाड्या लिहून पाठव. चांगलं काही लिहू नकोस, ते सगळे सांगून गेले. अक्षर मोठं काढ, जोडाक्षरं जरा कमी घाल आणि पाकिटावर नाव हर्षिताचं टाक. मला वाचून दाखवायला लागू नये. ती स्वतः वाचणार आहे.

लोभ आम्हा तिघांवर.
तुझा
कौतिकभाऊ